पहारेकऱ्यांची शिकवणी

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि आपला एक जुना वाद मी जिंकलो आहे, तेव्हा ऐका. एकादशीला खिचडी खाल्ली की माझे ओठ सुजायचे, अंगावर गांध्या उठायच्या, ते सोंग नव्हतं. "उपवास चुकवायची कारणं!" म्हणून तुम्ही मला बंगळूरला बसवनगुडीच्या आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसवून 'देव' शब्द चालवायला लावलात. सुजलेल्या ओठांनी 'देवेभ्यः' म्हणून बघा एकदा. आई मधे पडली, तर तिला म्हणालात, "दाण्याचं कूट बाधतं म्हणे! मराठी घरात जन्म घेऊन?"

बाधतच होतं. अंगात मास्ट पेशी नावाचे पहारेकरी असतात. जंतबिंत आत शिरले की आरडाओरडा करायचा, हे त्यांचं काम. माझ्या पहारेकऱ्यांनी कधीतरी शेंगदाण्यालाच शत्रू ठरवलं. तो दिसला की जवळच्या हिस्टामिनच्या पुड्या फोडायच्या. मग सूज, खाज, वेळ वाईट असली तर श्वासही अडतो. शूर आहेत, अभ्यास कमी. आणि हे घराणं कुणाचं? पूजेत धूप लावला की तुम्हाला ओळीने शिंका यायच्या, त्याला तुम्ही 'कफप्रकृती' म्हणायचात. त्याच पेशी, अण्णा. शत्रू तेवढा निराळा.

माझं वयाबरोबर निवळलं. तुम्ही न पाहिलेली तुमची नात तेरा वर्षांची आहे, तिचं नाही निवळलं. आधी तिला नुसती खाज सुटायची. गेल्या वर्षी सर्जापूर रोडला एका वाढदिवसाला गेली, मुळात जायचंच नव्हतं तिला, आणि तासाभरात फोन, "बाबा, घसा कसातरी होतोय." मी म्हणालो, "लवकर यायची नाटकं नकोत." आवाज माझा, वाक्य तुमचं. तिच्या मैत्रिणीच्या आईने ऐकलं नाही माझं, तशीच दवाखान्यात नेली, म्हणून इंजेक्शन वेळेत मिळालं. वडीत कूट होतं. तुम्हाला निदान माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्या दिवसापासून तुमच्यावरचा राग काढायला मला तोंड उरलेलं नाही.

आता उपचार चालू आहेत. डॉक्टरबाई इथल्याच, कानडी. पहिल्या दिवशी दाण्याची पूड दाखवली, सुईच्या टोकावर मावेल एवढी, आणि म्हणाल्या, "स्वल्प स्वल्प, सर. घाई नाही." रोज तेवढीच घ्यायची, अंगवळणी पडली की त्यांच्यासमोर बसून कणभर वाढवायची. हळूहळू पहारेकऱ्यांचा आरडाओरडा कमी होतो, आणि त्यांना 'बस खाली' म्हणणाऱ्या दुसऱ्या पेशी तयार होतात. मला हसू आलं. रोज एक विभक्ती, कालची पक्की झाल्याशिवाय आजची नाही, ही तुमची पद्धत. वर्गातल्या मठ्ठातल्या मठ्ठ मुलाच्या गळी तुम्ही अशीच तृतीया उतरवलीत. माझ्या एकट्याच्या बाबतीत तेवढा धीर धरला नाहीत, असो.

आज तिने अख्खा दाणा खाल्ला. तपासणीत दोन तास बसवून ठेवलं. ओठ जिथल्या तिथे. मी विचारलं, "कसा लागला गं?"

"ओव्हरहाइप्ड आहे, बाबा. याच्यासाठी एवढं?"

रोग गेला असं नाही, पूड रोज चालूच राहणार, आणि मुठीने दाणे खायची मुभाही नाही. पण उद्या चुकून एखाद्या वडीत दाणा निघाला, तर जिवावर बेतण्याची भीती पुष्कळ कमी. पुढच्या महिन्यात ती शाळेच्या सहलीला जाणार आहे, पहिल्यांदाच, आणि तिने बॅग आत्ताच भरून ठेवली आहे.

तुम्ही पत्ता ठेवून गेला नाहीत, तेव्हा हे पोस्टात टाकायचा प्रश्न नाही. म्हणून एक लिहून टाकतो. दाणा खाताना मी तिच्याशेजारी बसलो होतो, असं मी घरी सगळ्यांना सांगितलं आहे. नव्हतो. पाणी आणतो म्हणून उठलो तो खाली पार्किंगमध्ये जाऊन स्कूटरला टेकून उभा राहिलो. शेवटी तिचाच फोन आला, "बाबा, झालं, आता या वर."