जावेचं पान

३ मे

आजही पाहुण्यांची रांग जावेच्या दारात! ‘अल्बेनियात, बेरातमध्ये कुठं राहावं’ असं मोबाइलवर शोधलं की तिचं, फातबार्धाचं, पाहुणेघर सर्वांत वर. माझं चौथ्या पानावर — तिथं कुत्रंही फिरकत नाही. दोन्ही घरं एकाच सासऱ्यानं बांधलेली, भिंतीला भिंत!

सोकोल म्हणतो, “ती पाहुण्यांशी गोड बोलते. तू कपाळाला आठ्या घालतेस.” नवरा आहे की तिचा वकील!

९ मे

राजधानीतल्या, तिरानाच्या गेन्तीला फोन लावला. सर्चमध्ये वेबसाइट वर चढवण्याचा धंदा त्याचा. म्हणाला, “बाई, तुमची चढवायला वर्ष लागेल. तिची पाडायला महिना पुरे.”

“पाड!”

जुगाराच्या, नागड्या चित्रांच्या शेकडो साइटींवरून तिच्या पानाच्या लिंका लावणार. कोण कुणाकडे बोट दाखवतं ते सर्चवाले बघतात म्हणे. वाईट संगत दिसली की खाली ढकलतात. वर मी सुचवलं — खोट्या पाहुण्यांच्या नावानं लिही, गादीत ढेकूण!

२ जून

ती सहाव्या पानावर!!

११ जून

फातबार्धा आली. डोळे सुजलेले, हातात अक्रोडाच्या मुरंब्याची वाटी. “ताई, खरं सांगा, माझ्याकडे ढेकूण आहेत का हो? मला तर एक दिसत नाही.”

मुरंबा खाल्ला. म्हटलं, “असतीलही. लाकूड जुनं आहे.”

दुपारी तिनं सगळ्या गाद्या अंगणात जाळल्या. कोऱ्या करकरीत! मी खिडकीतून शेवटपर्यंत बघितलं. डोळे निवले.

२४ जून

तिच्या फाटकाला कुलूप. समुद्रापलीकडे इटलीत, बारीला गेली, कुणाच्या तरी हॉटेलात भांडी घासायला. सोकोल जेवला नाही. राहू दे उपाशी.

१० जुलै

ऐन हंगामात माझ्या तिन्ही खोल्या रिकाम्या! दरवर्षी भरायच्या. गेन्तीवर ओरडले. तो म्हणतो, “तिची जागा नदीपलीकडच्या मोठ्या हॉटेलानं घेतली. तुमचं पान चौथ्यावर होतं, चौथ्यावरच आहे.”

मग इतकी वर्षं माझ्याकडे लोक यायचे ते कुठून?

१४ जुलै

नेहमीची पोलिश बाई आली. विचारलं, पहिल्यांदा माझं घर कसं सापडलं?

“फातबार्धाच्या पानावर. खाली लिहिलं होतं ना — आमच्याकडे जागा नसेल तर शेजारी माझ्या थोरल्या जावेकडे जा, चीज भरलेला खुसखुशीत बुरेक तिच्याच हातचा खावा.”

मी ते पान कधी खालपर्यंत वाचलंच नव्हतं.