चौदा जुलैच्या गाडीबाबत

मी, शिव विनय धारप, वय तेवीस, शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगची साडेचार सेमिस्टर्स, धंदा इंग्लंडातल्या जुन्या डिझेल गाड्यांचं संशोधन, राहणार आईबाबांच्या घराचं बेसमेंट, पार्सिपनी, न्यू जर्सी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो आहे. मी शुद्धीवर आहे. डोकं ठिकाणावर आहे का, हा प्रश्न या गावात माझ्याबद्दल आधीपासूनच विचारला जातो. आज तरी आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही. उलट आईने दोनदा अडवलं.

परवा गुरुवारी माझं पित्ताशय काढणार आहेत. फॉर्म भरून घेताना नर्सने विचारलं, मृत्युपत्र केलंय का? मी म्हटलं, का, करायला हवं का? ती म्हणाली, "हनी, आम्ही सगळ्यांनाच विचारतो." आई गाडीत म्हणाली, "पित्ताशयाने कुणी मरत नाही, शिव. आणि तुझं पित्त काढतच असतील तर बरंच आहे, घरात जरा शांतता नांदेल." मी घरी येऊन पेन शोधायला लागलो, तेव्हा मात्र ती वर निघून गेली.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या पश्चात याची अंमलबजावणी राजीव काका सबनीस यांनी करावी. ते नको म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे. सातवं कलम वाचल्यावर म्हणतीलही.

कलम १. घर मला नाही. बँकेत जे काही असेल ते आईचं. माझी जुनी कोरोला बाबांना द्यावी. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा दोन वर्षं लागलेला आहे, त्याला घाबरू नये. मी कॉलेज सोडल्याचं सांगितलं त्या रात्री बाबा एवढंच म्हणाले होते, "ठीक आहे, पण जेवून घे." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. भांडण नसलं की मला काय करावं ते कळत नाही.

कलम २. मी कॉलेज संशोधनासाठी सोडलं, असं सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं आहे. सावनी दर शनिवारी सकाळी राजीव काकांच्या बेसमेंटमध्ये रेल्वेची छोटी इंजिनं रंगवायला यायची, आणि शुक्रवारी कॉलेजातून घरी पोचायला मला उशीर व्हायचा. एवढंच कारण. हे इथे लिहायची गरज नव्हती, पण मृत्युपत्रात खोटं बोलायचं म्हणजे हद्द झाली. सावनी राजीव काकांची भाची.

कलम ३. माझा धंदा आईला अजून नीट सांगता येत नाही, म्हणून मीच लिहितो. इंग्लंडात सत्तर-ऐंशीच्या सुमाराला निळ्या, मळक्या डिझेल इंजिनांच्या गाड्या धावत. जगभर काही माणसं त्याच गाड्या छोट्या करून आपल्या घरात चालवतात. राजीव काका नव्वदच्या दशकात लेस्टरला तीन वर्षं प्रोजेक्टवर होते, तिथे त्यांना हे वेड लागलं. त्यांच्या बेसमेंटमध्ये स्केलबी नावाच्या एका खाणीपर्यंत जाणारी एकेरी लाइन आहे, १९८३ चा उन्हाळा, गवतासकट. अशा माणसांना नुसती गाडी पुरत नाही. अमुक दिवशी, अमुक वाजता, कोणत्या नंबरच्या इंजिनाने किती वाघिणी ओढल्या, हे त्यांना हवं असतं. ते शोधायचं काम माझं. तेव्हाची कामकाजाची वेळापत्रकं, जुने फोटो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या काळात रुळांच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांच्या वह्या. त्यावरून मी एकेका दिवसाचं पत्रक बनवतो.

राजीव काकांचा एकच नियम आहे, जिन्याच्या भिंतीवर टेपने चिकटवलेला: पुरावा नाही, तर गाडी यार्डात.

माझी सगळी वेळापत्रकं, भिंग आणि फोटोंच्या फाइली राजीव काकांना द्याव्यात.

कलम ४. बारीक ब्रशांचा संच सावनीचाच आहे. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला, नोकरीला गेली तेव्हा विसरून गेली, आणि मी परत पाठवला नाही. पोस्टात हरवेल, असं मी तिला सांगितलं. हरवला नसता.

कलम ५. केदारला, म्हणजे वसुधा मावशीच्या मुलाला, माझ्याकडून काहीही मिळू नये. कारण सावनीला आणि त्याला माहीत आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये हेच बरं असतं, असं मी वाचलं. केदारला काहीच द्यायचं नसल्यामुळे साक्षीदार म्हणून त्याच्याइतका योग्य माणूस या गावात नाही. त्याला बोलावलं आहे.

कलम ६. मराठी शाळेच्या नाटकात मी नाटक बसवणाऱ्या विनीता काकूंच्या अंगावर पडदा पाडला, तो अपघात नव्हता. क्षमा असावी.

कलम ७. आता मुख्य गोष्ट. हिच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राजीव काका साठ वर्षांचे झाले. सावनीने त्यांच्यासाठी एक इंजिन तयार केलं. चार महिने खपली होती. तेलाचे ओघळ, छपरावरचा गंज, एका दाराचा उडालेला रंग, सगळं एका फोटोवरून. पण ज्या इंजिनाचा तो फोटो होता ते स्केलबीच्या लाइनवर कधी गेल्याची एकही नोंद नव्हती. तिला ते माहीतच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, "म्हणजे मामा ते काचेच्या कपाटात ठेवणार. चालवणार नाही."

मी म्हटलं, "थांब. बघतो."

बघितलं नाही. बनवलं. गुरुवार, १४ जुलै १९८३, दुपारी दोन वीस, सावनीचं इंजिन, मागे एकोणीस रिकाम्या वाघिणी. नोंदीचा आधार म्हणून लिहिलं, "खाजगी वही, मालकाची नाव न देण्याची विनंती." चौदा जुलै हा सावनीचा वाढदिवस. आणि वह्यांवरून केलेल्या आमच्या नोंदींच्या तक्त्यात त्या दिवसापुढे काहीच नव्हतं. आमच्या धंद्यात खोटं बोलायला रिकाम्या जागेसारखी सुरक्षित जागा नाही. नोंद नसली म्हणजे गाडी गेली नाही असं नसतं, हे आम्ही एकमेकांना सांगतच असतो.

काकांच्या वाढदिवसाला गाडी धावली. काका पत्रक हातात घेऊन मोठ्याने वाचत होते, "चौदा जुलै, दोन वीस!" आणि सावनीने सगळ्यांसमोर माझा दंड धरला. त्या दंडासाठी मी हे केलं. लिहून काढल्यावर ते किती लहान दिसतं.

पत्रक बाहेर गेलं. ओहायोतल्या एका क्लबने ती गाडी चालवली. दुसऱ्या दोन याद्यांमध्ये ती उतरली. फेब्रुवारीत या छंदाच्या ऑनलाइन फोरमवर मिस्टर लेन आर्कराइट यांनी लिहिलं. ते एक्क्याऐंशी वर्षांचे, यॉर्कशायरमध्ये राहतात, स्केलबीच्या लाइनवर मालगाडीचे गार्ड होते. आमचा निम्मा तक्ता त्यांच्याच वह्यांवरून झालेला आहे. ते एकेका वहीच्या फोटोकॉप्या राजीव काकांना टपालाने पाठवायचे. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या. "त्या दिवशी लाइन बंद होती. मी कामावर होतो."

मी तेव्हाच थांबू शकलो असतो. पण सावनी बॉथेलला गेली होती, केदार तिच्याशी रोज बोलत होता, आणि मला कोणाचं तरी डोकं फोडायचं होतं. मी लिहिलं की ऐंशी वर्षांच्या माणसाच्या आठवणीवर रेल्वेचा इतिहास चालत नाही. लोकांना ते आवडलं. खाली आणखी काही जणांनी त्यांची थट्टा केली. मी ती वाचली आणि मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

मार्चमध्ये त्यांचं उत्तर आलं. "तुझंच बरोबर असेल, पोरा. मी वह्या उचलून ठेवतो." त्यानंतर टपाल आलं नाही. राजीव काका मला विचारायचे, "अरे, आर्कराइटसाहेब आजारी आहेत का?" मी म्हणायचो, माहीत नाही.

जूनमध्ये बेसमेंट आवरताना १९८३ च्या फोटोकॉप्यांचं खोकं हातात आलं. मी ते कधी उघडलंच नव्हतं; तक्त्यावरूनच काम करत होतो. तक्ता केदारने टाइप केला होता आणि ज्या पानांवर गाडी नाही ती पानं त्याने वगळली होती. तीन दिवस मी हे केदारच्या माथी मारून पाहिलं. जमलं नाही. मूळ पान पाहिल्याशिवाय पत्रक करायचं नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं.

चौदा जुलैचं पान कोरं नव्हतं. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं: "गाड्या नाहीत. आल्फ गेला, ६.१०, सिग्नलपाशी."

आल्फ म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. आधीच्या प्रत्येक पानावर तो आहे. "आल्फने चहा सांडला." "आल्फ उशिरा." पंधरा जुलैपासून दुसरं नाव आहे. मिस्टर आर्कराइट हे पान फोरमवर टाकून माझं तोंड बंद करू शकत होते. त्यांनी मित्राचं नाव तिथे आणलं नाही. मी त्यांना म्हातारा म्हटलं, ते त्यांनी ऐकून घेतलं.

जूनपासून आज सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मी कोणाला काहीही सांगितलेलं नाही. राजीव काकांकडे जाणं बंद केलं. पोट दुखतंय म्हणायचो. पुढे ते खरंच दुखायला लागलं.

तरी माझ्या पश्चात राजीव काकांनी चौदा जुलैची गाडी सर्व पत्रकांतून काढावी, इतर याद्यांना कळवावं, आणि मिस्टर आर्कराइट यांना माझी लेखी माफी पोचवावी.

कलम ८. हे कलम साक्षीदार आल्यावर लिहिलं आहे.

वसुधा मावशी आणि केदार साडेदहाला आले. मावशी साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या होत्या. आईने त्यांना ऑपरेशनआधी हलकं द्यायला सांगितलं होतं, आणि ही त्यांची हलक्याची कल्पना. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. पाचव्या कलमाशी केदार म्हणाला, "सीरियसली, यार?" सातवं त्याने दोनदा वाचलं.

मावशींनी पेन उघडलं आणि परत बंद केलं. "शिव, हे सातवं कलम मृत्युपत्रात काय करतंय?"

"माझी शेवटची इच्छा आहे, मावशी."

"मेलेल्या माणसाला कोण रागावणार? तीच सोय बघितलीस ना? आणि परवा तू टुणटुणीत घरी आलास, तर हा कागद खणात, आणि त्या बिचाऱ्या माणसाने काय करायचं? तू म्हातारा होऊन मरेपर्यंत थांबायचं? एक्क्याऐंशीव्या वर्षी?"

मला राग आला. मी म्हटलं, तुम्हाला सही करायला बोलावलंय, शाळा घ्यायला नाही. नंतर सॉरी म्हटलं.

"मी नाही सही करत," त्या म्हणाल्या. "केदार, इंग्लंडात आता किती वाजलेत?"

"पावणेचार."

"चहाची वेळ. लाव फोन."

नंबर खोक्यावरच होता. मिस्टर आर्कराइट यांनी सातव्या घंटीला उचलला. ते इंग्रजीत बोलले, मी मराठीत उतरवतो. मी सगळं सांगितलं, इंजिनाचा नंबर, सावनीचा वाढदिवस, ते पान. मध्ये मी रडलो, ते लिहायला नको, पण केदारने पाहिलं आहे. पलीकडे रेडिओ चालू होता, तो त्यांनी बंद केला.

मग ते म्हणाले, "मुलगी मिळाली का?"

"नाही."

"हं."

मी म्हटलं, तुमच्या वह्यांच्या फोटोकॉप्या पुन्हा पाठवायला सुरुवात कराल का? ते म्हणाले, "त्या मी मार्चमध्ये माळ्यावर टाकल्या. स्वतः चढून. एप्रिलमध्ये कंबर मोडली. आता शिडीला हात लावायची परवानगी नाही मला." तक्रारीचा सूर नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं. 

फोन ठेवताना मी सांगितलं की परवा ऑपरेशन आहे. कसलं, त्यांनी विचारलं. पित्ताशयाचं.

"माझं एक्क्याण्णव सालीच काढलं," ते म्हणाले. "त्याने कुणी मरत नाही. उद्या ते पत्रक दुरुस्त कर."

उद्या नाही, मी आत्ताच केलं. फोरमवर स्वतःच्या नावाने लिहिलं, याद्यांना कळवलं. आल्फबद्दल लिहिलं नाही. ते मिस्टर आर्कराइट यांचं आहे. संध्याकाळी राजीव काकांकडे जाणार आहे. सावनीचं इंजिन रुळावरून उचलून काचेच्या कपाटात मीच ठेवीन, आणि का ठेवतोय ते तिला स्वतः फोन करून सांगेन. तिचे ब्रश केदार नेणार आहे. तो पुढच्या महिन्यात बॉथेलला जातोय.

सबब सातव्या कलमातलं शेवटचं वाक्य मी माझ्या हाताने खोडतो. बाकीचं कलम तसंच राहू द्यावं. माळ्यावरच्या वह्या खाली उतरवायला कधीतरी मीच जायला हवं. त्याचं कलम करत नाही.

हा कागद मी वाचला, तो माझाच आहे, आणि पुढच्या दोघांच्या डोळ्यांदेखत त्यावर नाव घालतो.

शिव विनय धारप

साक्षीदार:
१. वसुधा दिलीप खांबेटे. शिवने आमच्यासमोर सही केली. खिचडी खाल्ली नाही.
२. केदार दिलीप खांबेटे. मला काही मिळणार नाही हे वाचलं. तक्ता मी टाइप केला होता, हेही बरोबर आहे.

स्थळ: पार्सिपनी, न्यू जर्सी
दिनांक: मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

सोबत जोडलेलं दुरुस्त पत्रक:
स्केलबी शाखा. गुरुवार, १४ जुलै १९८३.
गाड्या नाहीत.
आधार: एल. आर्कराइट, गार्ड, यांची वही. मूळ पान पाहिलं.