डावखुरा होबार्ट

४ एप्रिल, शनिवार
लायब्ररीच्या मिस टॅकेटनी मला होबार्ट स्कीन्सचं काम दिलं. (तिसऱ्यांदा विचारायला गेलो तेव्हा.) होबार्ट म्हणजे आमच्या डोंगरातला बॅन्जोवाला, रेकॉर्ड काढणारा इथला पहिला माणूस. अठरा तारखेला लायब्ररीत त्याच्यासारखे कपडे घालून आपण होबार्टच आहोत असं वागायचं, चार गाणी वाजवायची, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. जमलं तर दर महिन्याला मीच. बॅन्जो मला तीस वर्षं येतो. काम झाल्यात जमा.

६ एप्रिल
मोठा शोध. होबार्टचा एकच फोटो आहे, जत्रेत पत्र्यावर काढून घेतलेला. त्यात बॅन्जो वाजवताना तो चक्क डावखुरा! आजवर एकाही विद्वानाला दिसलं नाही. बॅन्जोच्या तारा लगेच उलट्या लावल्या. बायको, वांडा, म्हणाली, कोटाची बटणंपण उलट्या बाजूला आहेत की. तेव्हाची फॅशन, मी म्हटलं. बायकांना बटणंच दिसायची.

९ एप्रिल
डाव्या हाताने सराव. प्रगती उत्तम. कुत्रा शेजारी राहायला गेलाय.

१३ एप्रिल
कार्यक्रमाला होबार्टची मुलगी पर्लीन येणार आहे! वय त्र्याण्णव. वांडा म्हणते, "डॉइल, माझं ऐक, उजव्याने वाजव. म्हातारीला निदान गाणं तरी ओळखू येऊ दे." कलेतलं सत्य हिला कोण सांगणार? पर्लीनबाई रडतील. जादा रुमाल नेणे.

१७ एप्रिल
चारपैकी एक गाणं बसलं. जवळजवळ. उरलेला वेळ बोलून काढणार. होबार्ट बोलघेवडा असणारच.

१८ एप्रिल, संध्याकाळ
चाळीस मिनिटं बोललो. गाणं सुरू केलं तेव्हा लोक गंभीर झाले. मधेच अडकलो, तर वांडाने खुर्चीतूनच गाणं उचललं आणि सगळी लायब्ररी तिच्यामागे गायली. मग प्रश्न. पर्लीनबाईंनी हात वर केला. "डॅडी," त्या म्हणाल्या, "तू डावखुरा कधी झालास रे?"
मी होबार्ट होतो, उत्तर देणं भाग होतं. लहानपणापासून, असं म्हणालो.
"मग मला मक्याची कणसं उजव्या हाताने सोलायला कोणी शिकवलं? अरे बाळा, पत्र्यावरचे फोटो आरशासारखे उलटे यायचे. बटणं नाही का बघितलीस?"
वांडा छताकडे बघत होती. फार वाईट वाटलं. रुमाल मलाच लागला.

१९ एप्रिल, रविवार
मिस टॅकेटचा फोन. वांडासाठी. पर्लीनबाईंना तिचा आवाज थेट आईसारखा वाटला, म्हणून पुढच्या महिन्यापासून वांडा मिसेस स्कीन्स होणार. गाणार तीच, बोलणारही तीच. पर्लीनबाई म्हणाल्या, आमच्या घरात आईच बोलायची, डॅडी नुसता बसून असायचा.
म्हणजे होबार्ट मीच! बसून राहण्याचा अभिनय सगळ्यात अवघड. जेवण झाल्यापासून सराव करतोय. वांडा म्हणते, हा मात्र हुबेहूब जमलाय.