खणाचा पत्ता मीच बदलणार

सोमवार, ३ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठी कामं चालू असतानाच लिहून ठेवावीत, मागाहून आठवणीत भर पडते.
गोदामाच्या वजनकाट्यांचा प्रोग्राम साहेबांनी माझ्याकडे दिला. शुक्रवारी गिऱ्हाईक बघायला येणार. साहेब म्हणाले, नीट चाललं तर यापुढची सगळी अवघड कामं तुमचीच; नाहीतर तुम्हाला तक्रारींच्या फोनवर बसवावं लागेल. हसत म्हणाले. मीही हसलो. 

मंगळवार, ४ मार्च
विषय स्पष्ट करून ठेवतो. प्रत्येक काट्याला एक थ्रेड. थ्रेड म्हणजे एका खोलीत काम करणारे कारकून समजा. प्रत्येकाचा स्वतंत्र खण, आणि खणाचा पत्ता प्रोसेसरच्या एफएस नावाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे त्याच्या हाताशी असलेल्या पाटीवर. आर्च-पीआरसीटीएल हा सिस्टम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमला हुकूम, केला की तो पत्ता थेट बदलता येतो. भल्याभल्यांना हे माहीत नसतं. मला कॉलेज नाही, शिकवणी नाही. सगळं स्वतः वाचून.
ठरवलं : एफएसमध्ये माझ्या वजनांच्या तक्त्याचा पत्ता घालायचा. वेग बघून गिऱ्हाईक गार.
मॅन्युअल म्हणतं, एफएस बहुधा लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला जोडलेला तयार कोड, आधीच वापरत असते, जपून. अशी वाक्यं नवशिक्यांसाठी असतात.

बुधवार, ५ मार्च, दुपारी
प्रोग्राम सुरू होतो आणि बंद पडतो. काही सांगत नाही, नुसता पडतो. प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारा कंपायलर जुना असावा.
समोरच्या टेबलावर नवी मुलगी आहे, तिला मी मनात ‘चष्मा’ म्हणतो. तिला दाखवलं, तेवढंच तिला शिकायला मिळावं म्हणून. म्हणाली, काका, लायब्ररीचं सगळं सामान त्याच खणात असतं. चूक झाली तर त्या चुकीचा नंबरसुद्धा लायब्ररी तिथेच लिहिते. तुम्ही खणच पळवलात, आता लायब्ररीनं चूक नोंदवायची कुठे? जीएस नावाचं रजिस्टर मोकळं आहे, ते घ्या. नाहीतर व्हेरिएबलच्या आधी ‘प्रत्येक थ्रेडला वेगळं’ असं सांगणारा एक शब्द लिहा, बाकीचं कंपायलर बघेल.
तिला म्हटलं, एका शब्दात भागत असतं तर लोकांनी एवढी जाड पुस्तकं लिहिली असती का? म्हणाली, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं हो.
मी विचारलं नव्हतं. दाखवलं होतं. शिवाय ऑफिसात काका म्हणू नये.

गुरुवार, ६ मार्च
युक्ती सापडली. लायब्ररीकडे काम असलं की आधी जुना पत्ता परत ठेवायचा, काम झालं की पुन्हा माझा. लागोपाठ दोनदा चाललं. तिसऱ्यांदा पडलं, पण तेव्हा मीच घाई केली. या अदलाबदलीत वेग थोडा कमी झाला. साध्या पद्धतीपेक्षाही. मात्र ही पद्धत माझी आहे.
जेवताना बायकोनं विचारलं, तोंड का उतरलंय? म्हटलं, विचार करतोय. म्हणाली, मग कुणाला तरी विचारा ना. म्हटलं, विचारण्याजोगं माणूसच नाही तिथे. म्हणाली, इथे आहे, पण मला तुमचं एफएस कळत नाही.
झोप नीट लागली नाही. उशी बदलायला हवी.

शुक्रवार, ७ मार्च
एका काट्यावर खोकं ठेवलं, चाललं. गिऱ्हाईक म्हणालं, आमच्याकडे एकाच वेळी सगळ्या काट्यांवर माल येतो. सगळ्यांवर ठेवला. प्रोग्राम बंद पडला.
साहेबांनी पाणी मागवलं. कुणीच प्यायलं नाही.
चष्म्यानं तिच्या मशीनवर प्रोग्राम लावला. माझाच, फक्त आर्च-पीआरसीटीएलच्या ओळी काढून तो एक शब्द घातलेला. चालला. गिऱ्हाइकानं विचारलं, हा कुणी लिहिला? ती म्हणाली, काकांनी. मी थोडी झाडलोट केली.
असं म्हणायला नको होतं तिनं. शिव्या घातल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

सोमवार, १० मार्च
तक्रारींच्या फोनचा अख्खा विभाग साहेबांनी माझ्यावर सोपवला. विभागात मी आणि फोन. स्वतंत्र खोली, खिडकी जिन्याकडे उघडते. लोकांना प्रोसेसर आतून समजावून सांगायची संधी. पहिल्याच माणसाला सांगायला घेतलं, त्यानं फोन ठेवला.
घरी बायकोला सांगितलं, बढती झाली.  ती म्हणाली, दुपारी साहेबांचा फोन आला होता. तुम्ही डबा उघडलाच नाहीत म्हणून काळजीत होते. म्हणाले, माणूस चांगला आहे, सांभाळा.
 ताट घेता घेता म्हणाली, बढती झालेल्या माणसानं जेवायला तरी हवं, हात धुवून या.
बराच वेळ हात धूत होतो.