पांगाऱ्याची तीन पानं

८ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाय सुजलेत आणि हॉस्पिटलची बाग काही संपत नाही. बारा काटेरी रोपं आली, तीही नावाच्या चिठ्ठ्या गळलेली. देणारा म्हणतो पांगारा, मुकादम म्हणतो काटेसावर. काटे दोघांच्याही अंगाला, फुलं दोघांचीही लाल, आणि ती यायला अजून वर्षं आहेत. पांगारा असेल तर रुग्णांच्या बाकांमागे लावीन. सावर असेल तर लांब कुंपणापाशी, नाहीतर मोठी झाली की हॉस्पिटलची भिंतच ढकलेल. मी कागदावर बागा आखणारी, झाडं ओळखणं तुझं खातं. सोबत एक पान पाठवतेय.

वहिनी लिहिते की अजून करवत घेऊन शिडीवर चढतोस. पुरे आता.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी चिमणी (वय वर्षे त्रेपन्न)

१५ जुलै

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

पान मिळालं. एका देठाला तीन पानं, म्हणजे पांगारा. सावरीला पाच-सात असतात, पंजासारखी. कुठेही जा, पळसाला पानं तीनच, तशी पांगाऱ्यालाही. बेधडक लाव. मुकादमाला म्हणावं, दादाने चाळीस वर्षं रोपवाटिका चालवली, ती काही गवत उपटत नाही.

वहिनी राईचा पर्वत करते. थकतो गं, पण घरात बसून काय करू?

तब्येतीला जप, रागावलीस तरी लिहीत जा.
तुझा दादा

४ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाराही रोपं काल उपटून कुंपणापाशी नेली. मुकादमाने मोजून दाखवलं, प्रत्येक देठाला पाच पानं. तुझं पत्र आल्यावर मी मोजलीच नव्हती. दादा म्हणाला म्हणजे झालं.

लाज वाटली, पण त्याहून भीती वाटते. चालता चालता झाड ओळखणारा तू. मी पाठवलेलं पानही पाचांचंच असणार. खरं सांग, तुला दिसतं का? आणि तोवर शिडीवर चढू नकोस. हात जोडते.

उत्तराची वाट बघतेय.
चिमणी

१० ऑगस्ट

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

अक्षर वहिनीचं आहे, मी सांगतोय.

तिने तुझं जुलैचं पाकीट झटकलं तर दोन सुकी पानं पडली. वाटेत गळलेली. देठावरचे वण डोळ्यांना दिसले असते, पण मी बोटांनी मोजलं. वर्ष झालं, बघतो तिथलं मधलंच पुसलं जातं, कडेचं तेवढं दिसतं. तुझी पत्रं भिंगाखाली एकेक शब्द जुळवून वाचायचो. कुणालाच बोललो नाही. तुझे कष्ट मातीत घातले, माफ कर. शिडी आज देऊन टाकली. फार रिकामं वाटतंय.

अजून एक. मे महिन्यात तू नातीचा फोटो पाठवलास, तेव्हा मी लिहिलं होतं, नाक अगदी आपल्या घराचं. आज वहिनीला फोटो नीट बघायला लावला. ती म्हणते, बाळाचं नाक दुपट्यात झाकलेलं आहे.

चिमणे, तू तेव्हा काहीच कशी बोलली नाहीस?

आहे तसा आपला म्हण.
दादा