पगार कशाकशावर ठरतो

३ फेब्रुवारी, दुपारी ४
पगारवाढीचा निर्णय पक्का. निर्णय माझा, मालकांना अजून कळवलेला नाही. बारा वर्षं या रेस्टॉरंटमध्ये टेबलं सांभाळतोय, माझ्यावाचून इथलं पान हलत नाही. वाढ मिळाली की भाड्याची खोली घेऊन बायको-मुलीला आणायचं. दोघी पाच महिने मेव्हण्याकडे आहेत. मी किचनच्या वर, स्टाफरूममध्ये. तात्पुरता. बायकोने महिनाअखेरची मुदत दिलीय, नाहीतर मुलीचं नाव तिकडच्याच शाळेत घालणार. नेमका अठ्ठावीस दिवसांचा महिना बघून मुदत दिली!

४ फेब्रुवारी
मालकांना विचारलं नाही. मूड नव्हता त्यांचा. पाठमोरे होते, पण बारा वर्षांच्या अनुभवाने कळतं.

८ फेब्रुवारी
'थँक्यू'चा पगार कळला. हा नवा वेटर. शिवी घातली तरी थँक्यू म्हणेल असा. येऊन तीन महिने, आणि माझ्यापेक्षा दोन हजार जास्त! आचारी म्हणाला, त्याला इंग्रजी येतं, बाहेरची गिऱ्हाइकं तोच सांभाळतो. इंग्रजी मलाही येतं. गिऱ्हाइकांना समजत नाही, हा त्यांचा प्रॉब्लेम. रागाने जेवलो नाही. नंतर जेवलो.

११ फेब्रुवारी
आता शास्त्रशुद्ध मार्ग. पगार कशाकशावर ठरतो याचा अभ्यास करून तीन पानी अर्ज लिहिला. हॉटेलची जागा, सीझन, अनुभव, भाषा, गिऱ्हाइकांची पसंती. आचाऱ्याने विचारलं, पसंतीचा पुरावा काय? सुचलं: टिप! सगळ्यांची टिप काउंटरवरच्या एका डब्यात पडते आणि शनिवारी आम्ही अकराजण सारखी वाटून घेतो. मालक त्यात कधी डोकावत नाहीत. लिहिलं, माझ्या एकट्यामुळे डब्यात आठवड्याला चार हजार पडतात. खरं तर सगळ्यांचे मिळून अडीच. आचारी म्हणाला, तेवढं वाक्य खोड. जळतो माझ्यावर.

१५ फेब्रुवारी
अर्ज दिला. मालकांनी दोनदा वाचला. दोनदा! एका वाक्याखाली लाल रेघही मारली. बायकोला फोन केला, सामान बांध. ती म्हणाली, आधी पगार हातात येऊ द्या. विश्वास म्हणून नाही बाईला. नंतर स्टाफरूममध्ये एकाएकी रडू आलं. आनंदाचंच असणार.

२० फेब्रुवारी
खोली पाहिली. घरमालकीणबाईंना म्हणालो, पक्की समजा. त्या म्हणाल्या, ॲडव्हान्स दिला की समजेन. लोकांना माणसांची पारख राहिली नाही.

२६ फेब्रुवारी
मालकांनी सगळ्यांना बोलावलं. हातात माझा अर्ज. छाती फुगली. म्हणाले, इतकी वर्षं मी अंदाजाने पगार देत आलो, याने माझे डोळे उघडले. यापुढे पगार याच्याच मुद्द्यांप्रमाणे. सीझन संपतोय, सगळ्यांना कपात. टिप एवढी मिळते तर ती पगारातच धरायची. डबा आजपासून त्यांच्या ड्रॉवरमध्ये. माझ्या अनुभवाबद्दल म्हणाले, बारा वर्षांत दुसऱ्या कोणी बोलावलं नाही, म्हणजे बाजारात किंमत तेवढीच. माझे दीड हजार कमी. भाषेमुळे थँक्यू तेवढा वाचला. तो थँक्यू म्हणाला.

आचारी म्हणाला, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ पाहिले, एका धोंड्यात अकराजणांचे पाय पहिल्यांदाच पाहिले. मी म्हणालो, तत्त्व तर मान्य झालं ना? कोणी माझ्याशी बोलत नाही.

२७ फेब्रुवारी
मालकांचे पाय धरायचं ठरवलं. काउंटरपुढे जाऊन उभा राहिलो. म्हणाले, उभा काय राहिलास, सहा नंबरला पाणी दे. दिलं. अर्धं टेबलावर सांडलं. घाबरलोय. इथे लिहायला हरकत नाही, फार घाबरलोय.

२८ फेब्रुवारी, सकाळी ११
ठरवलं होतं, आज बायकोला सगळं खरं सांगायचं. अगदीच जमलं नाही तर खोली झाली म्हणून सांगायचं. फोन मुलीने उचलला. म्हणाली, आई माझं नाव घालायला शाळेत गेलीय. घराचं विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं: तुझा पलंग खिडकीजवळ. पण ती म्हणाली, बाबांना घराचं विचारू नकोस, त्यांना वाईट वाटतं, असं आईने सांगितलंय, म्हणून मी नाही विचारत. मग नव्या शाळेची बस किती वाजता येते ते सांगत बसली. मी हं हं म्हणत राहिलो.