बदामाचा वास

सोमवार, ३
...आणि झाकण उघडलं तर वाफेबरोबर बदामाचा वास! तोही गवतातून. अॅसिडमध्ये उकळलं की गवत आपली साखर सोडतं. ती यीस्टने खाल्ली की इंधनाचं अल्कोहोल होतं आणि फेस येतो. आता फेसच काय तो बाकी.
बायको भांडून भावाकडे गेली आहे. तिला फोनवर कळवलं. म्हणाली, जेवलास का?
विषय बदलायची तिची जुनी सवय.

बुधवार, ५
यीस्ट मख्ख. एक बुडबुडा नाही. आळशी माल.
लॅबच्या मॅडम म्हणाल्या, अहो, बदामाचा वास म्हणजे साखर जळाली. त्याने यीस्ट मरतं. अॅसिड कमी करा, आच कमी करा, गवताला जरा वेळ द्या.
मॅडम हुशार, पण मवाळ. गोंजारून कुठलं गवत साखर सोडतं? उद्या अॅसिड दुप्पट.

शुक्रवार, ७. दुपारी
अॅसिड दुप्पट, वासही दुप्पट. प्रगती.
बायकोचा फोन. रविवारी जेवायला ये. वाद घालू नकोस, नुसता बसून राहा. तेवढं जमलं तर तुझ्याबरोबर घरी येते.
विरघळते आहे. अशा वेळी ढिलाई नको. तिच्या चुका मुद्देसूद लिहून पाठवल्या. नऊ झाल्या. दहावी मोठ्या मनाने सोडली.
उत्तर नाही. विचार करत असणार.

रविवार, ९
निश्चय: अकरा वाजता निघायचं. तोंड उघडायचं नाही. तिला आवडतो तो निळा शर्ट इस्त्री केला.
जाता जाता लॅबमध्ये एक बॅच लावतो. आच वाढवली की लवकर आटपेल.
दुपारी. भांड्यात काळा पाक. वास अप्रतिम. असं काम अर्ध्यावर टाकून जेवायला जाणं शोभत नाही. तिला समजतं.
संध्याकाळी. यीस्ट घातलं. आता जाणं बरं दिसणार नाही, जेवणाची वेळ टळली. उद्या फेसाचा फोटोच पाठवतो. फोटोपुढे वाद नाही.

सोमवार, १०. सकाळी
फेस नाही.
मेहुणा टेम्पो घेऊन आला, तिचं कपाट न्यायला. म्हणाला, भावोजी, ताई काल चारपर्यंत जेवायची थांबली होती. मग म्हणाला, तुमच्या अंगाला बदामाचा वास येतोय.
जिना अरुंद. कपाटाची खालची बाजू मी धरली.